कीटो सुरू करण्याआधी गोळ्यांचा डबा उघडा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही सोलापूरला राहतो. माझ्या यजमानांचे वय 54 असून त्यांना सात वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांची उंची 168 सेंटिमीटर व वजन 88 किलो आहे आणि गेल्या महिन्यात एचबीएवनसी (मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 8.4 आले. ते सकाळी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, दुपारी डापाग्लिफ्लोझिन आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायाझाइडची गोळी घेतात. माझे वय 49, उंची 154 सेंटिमीटर, वजन 70 किलो आणि एचबीएवनसी 6.2 आहे, थायरॉइडची गोळी चालू आहे. आमच्या मुलाने पुण्याहून कीटो आहाराचा तक्ता पाठवला आहे. त्याच्या ऑफिसातील दोघांना त्याचा फार फायदा झाला, असे तो सांगतो. पाडव्यापासून आम्ही दोघांनी मिळून सुरुवात करायचे ठरवले आहे. यजमान अंडी खातात, मी खात नाही. मांसाहार घरात होत नाही. सासूबाईंना दोन्ही वेळा मऊ वरणभात लागतो. भाकरीशिवाय निभावेल का, साखर उतरली की गोळ्या बंद करता येतील का आणि दोघांना एकच तक्ता चालेल का, हे कृपया सांगावे.

उत्तर : ताई, तुम्ही औषधांची नावे आणि तपासण्यांचे आकडे इतके व्यवस्थित लिहून पाठवलेत, याबद्दल तुमचे मनापासून आभार, कारण त्या नावांवाचून मला या पत्राला नीट उत्तर देताच आले नसते. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो. दोघांना एकच तक्ता चालणार नाही आणि यजमानांच्या औषधांत त्यांच्या डॉक्टरांकडून बदल करून घेतल्याखेरीज त्यांनी पाडव्याला कीटो मुळीच सुरू करू नये. मुहूर्त चुकला तरी हरकत नाही.

कीटो आहार मुळात मधुमेहासाठी निघालेला नाही. 1921 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला आणि औषधांना दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या फिट्ससाठी तो आजही वापरतात. त्यात दिवसभरातील कर्बोदके साधारण 20 ते 50 ग्रॅमवर आणतात आणि ऊर्जेचा सुमारे 70 टक्के किंवा त्याहूनही अधिक वाटा तेल, तूप, दाणे, पनीर अशा स्निग्ध पदार्थांतून घेतात. बाहेरून साखर येईनाशी झाली की यकृत चरबीपासून कीटोन तयार करते आणि मेंदूसकट सारे शरीर बऱ्याच अंशी त्यांवर चालू लागते. जेवणानंतरची साखर त्यामुळे झपाट्याने उतरते, इन्सुलिनची गरज घटते आणि पुष्कळांची भूकही मंदावते. तुमच्या मुलाच्या सहकाऱ्यांना फरक पडला असेल, यात मला शंका वाटत नाही. त्यांच्या गोळ्या कोणत्या होत्या, किंवा त्यांना मधुमेह होता की नुसतेच वजन वाढले होते, हे मात्र त्या तक्त्यात लिहिलेले नसते.

यजमानांच्या डब्यात तीन अशा गोळ्या आहेत, ज्यांचे प्रमाण ते आज खात असलेल्या भाकरी-भाताच्या हिशेबाने ठरवलेले आहे.

पहिली ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते; पोटात काय आणि किती गेले आहे, हे ती पाहत नाही. ताटातून भाकरी निघून गेली आणि गोळी तशीच राहिली, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, बोलण्यात विस्कळीतपणा येणे ही त्याची लक्षणे आहेत. असे झाल्यास तीन चमचे साखर किंवा 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून ताबडतोब द्यावे, 15 मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि अजूनही ती 70 च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. ‘कीटोत साखर चालत नाही’ हा विचार त्या क्षणी मनातही आणू नये. यजमान दुचाकी चालवत असतील तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी. कर्बोदके एकदम कमी करताना ही गोळी पहिल्याच दिवसापासून निम्मी करावी किंवा थांबवावी लागते. तो निर्णय डॉक्टरांचा आहे, पण तो विषय तुम्ही त्यांच्यापुढे काढायला हवा.

दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन. मला सर्वांत अधिक धास्ती हिची वाटते. रक्तातील जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या औषधांच्या गटातील ही गोळी आहे. हृदयासाठी आणि मूत्रपिंडांसाठी ती गुणकारी आहे, म्हणून ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे काहीही चुकलेले नाही. परंतु ती शरीराला कीटोन तयार करण्याकडे थोडी ढकलते आणि कीटो आहार तेच काम जोराने करतो. दोन्ही एकत्र आली की कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. या अवस्थेला कीटोॲसिडोसिस म्हणतात आणि तिच्यात जीवही जाऊ शकतो. एरवी या आजारात साखर 300-400 च्या घरात असते, त्यामुळे तो चटकन ओळखू येतो. या गोळीमुळे मात्र साखर जवळपास बरी दिसत असतानाही तो होतो.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ रात्री माझ्याकडे आले होते. दोन दिवसांपासून उलट्या होत होत्या आणि पोट दुखत होते. घरच्या यंत्रावर साखर 186 दिसत होती, त्यामुळे सर्वांनी ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून लिंबू-सरबत देऊन पाहिले होते. त्यांचा श्वास खोल आणि जलद चालला होता. खिशातील औषधांच्या चिठ्ठीत या गटातील गोळीचे नाव होते आणि पंधरा दिवसांपासून त्यांनी भाकरी-भात सोडला होता. कीटोन तपासल्यावर त्यांना लगेच अतिदक्षता विभागात हलवावे लागले. ते बरे झाले, परंतु आणखी एक रात्र घरी काढली असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून या गोळीसह कीटो करू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. कीटोच करायचे असेल तर डॉक्टरांना विचारून ती आधी काही दिवस बंद करावी लागते आणि तिच्या जागी काय द्यायचे, हेही त्यांनीच ठरवायचे असते. उलट्या, पोटदुखी, धाप, कमालीचा थकवा यांपैकी काहीही जाणवले, तर साखरेचा आकडा पाहून निर्धास्त न होता सरळ रुग्णालय गाठावे आणि तेथे या गोळीचे नाव सांगावे.

तिसरी रक्तदाबाची गोळी. तिच्यातील हायड्रोक्लोरोथायाझाइड शरीरातून मीठ आणि पाणी बाहेर काढते. कीटोच्या पहिल्या आठवड्यातही हेच घडते. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. हा साठा संपला की ते पाणीही निघून जाते. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो वजन उतरलेले पाहून माणसे हरखून जातात, पण त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त असते. त्यातून तुम्ही सोलापूरकर. चैत्र-वैशाखात तुमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, घामावाटे पाणी जाते, डापाग्लिफ्लोझिन लघवीचे प्रमाण वाढवते, रक्तदाबाची गोळी तेच करते आणि त्यावर कीटोची भर! उठल्याबरोबर चक्कर येणे, पोटऱ्यांत गोळे येणे, डोके दुखणे, मूत्रपिंडांवर ताण पडणे हे सारे यातून उद्भवू शकते. म्हणून घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र असावे आणि वरचा आकडा 110 च्या आसपास येऊ लागला की डॉक्टरांना कळवावे. शक्य असेल तर कोणताही मोठा बदल ऐन उन्हाळ्यात करू नये.

मेटफॉर्मिन बहुधा तसेच चालू ठेवतात. त्याने एकट्याने साखर धोकादायक खाली जात नाही. मात्र ते वर्षानुवर्षे घेणाऱ्या शाकाहारी माणसांत बी-12 बरेचदा कमी आढळते, तेव्हा ते एकदा तपासून घ्यावे. त्याबरोबरच क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन, यकृताच्या चाचण्या, कोलेस्टेरॉल, युरिक ॲसिड आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आधी व्हावी. पडद्यावर विकार असेल तर साखर फार वेगाने खाली आणल्याने तो काही काळ बळावू शकतो. मूत्रपिंडे दुबळी असतील, पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असतील, तर कीटोचा विचार सोडून द्यावा.

आता भाकरीचा प्रश्न. तुम्ही घरातील पिठाचा डबा आणि एक छोटा तराजू घ्या आणि नेहमीच्या एका भाकरीला किती पीठ लागते ते एकदा तोलून पाहा. बहुतेक घरांत ते 50 ग्रॅमच्या आसपास भरते. 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 34 ग्रॅम कर्बोदके असतात. कडक भाकरी पातळ आणि हलकी लागते, म्हणून दोनाऐवजी चार कधी संपतात ते कळत नाही. कीटोच्या तक्त्याप्रमाणे यजमानांनी दिवसभरात 100 ग्रॅम पनीर, दोन अंडी, 50 ग्रॅम शेंगदाणे, दोन वाट्या दही आणि चारशे ग्रॅम मेथी, दोडका, वांगी, फ्लॉवर अशा भाज्या खाल्ल्या, तरी कर्बोदके 35 ते 40 ग्रॅमवर पोहोचतात. त्यात एक भाकरी घातली की मर्यादा ओलांडली. आमटी, पिठले आणि मटकीची उसळ यांनाही जागा उरत नाही, आणि डाळी गेल्या की शाकाहारी घरातील प्रथिनांचा मुख्य आधारच जातो. वरच्या यादीतून 55 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. यजमानांना 65 ते 70 ग्रॅम तरी हवीत. ती तूट सोयाबीन आणि टोफू यांतून भरून काढावी लागेल. तुमच्या बाबतीत अंडीही नसल्यामुळे हे आणखी कठीण आहे. म्हणजे भाकरीशिवाय निभावते, पण महिनोन्महिने, सणावारांसह आणि सासूबाईंचा वरणभात रोज रांधत निभावते का, हे तुम्ही स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. एका ओट्यावर तीन प्रकारचे जेवण करण्याचा भार कोणावर पडणार आहे, हे पत्रात तुम्ही लिहिलेले नाही, पण मला ते दिसते.

माझा सल्ला मधल्या वाटेचा आहे. दिवसाला दोन भाकरी, एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, एक वाटी दही, मूठभर शेंगदाणे किंवा शेंगांची चटणी आणि ताटाचा निम्मा भाग भाज्यांनी भरलेला, असे जेवण ठेवले तर कर्बोदके 115 ते 120 ग्रॅमच्या घरात राहतात. आज पाच-सहा भाकऱ्या, दोन वेळा भात, साखरेचा चहा आणि संध्याकाळचा चिवडा मिळून ती अडीचशे-तीनशेच्या खाली नसतील. म्हणजे निम्म्याहून अधिक कपात होते आणि आमटीही सुटत नाही. ग्लिमेपिराइड कमी करण्याचा विषय याही आहारात येतोच, आणि डापाग्लिफ्लोझिनविषयीही डॉक्टरांना सांगावेच, परंतु धोका पुष्कळ कमी असतो. सासूबाईंचे वरण तुमच्याही ताटात येते आणि भात फक्त त्यांच्यापुरता लागतो. उपवासाच्या दिवशी मात्र सावध राहा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात. एकादशीच्या एका खिचडीने आठवड्याची शिस्त मोडू नये, म्हणून त्या दिवशी दही, दाणे, काकडी, राजगिऱ्याची भाजी आणि ताक यांवर भागवावे.

गोळ्या बंद होतील का, हे तुम्ही विचारले आहे. ही आशा खोटी नाही. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा एक अभ्यास झाला, त्याचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दिवसाला सुमारे 850 कॅलरींचा आहार काही महिने देऊन वजन उतरवल्यावर 46 टक्के रुग्णांचे एचबीएवनसी औषधांविना 6.5 च्या खाली आले. ज्यांचे वजन 15 किलो किंवा अधिक उतरले, त्यांत हे प्रमाण 86 टक्के होते. दुसऱ्या वर्षाअखेर एकूण प्रमाण 36 टक्क्यांवर आले. तो आहार कीटो नव्हता, आणि त्यातील रुग्णांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता. यजमानांना सात वर्षे झाली आहेत, म्हणून त्यांची शक्यता थोडी कमी धरावी, पण संपली असे मुळीच समजू नये. वजन 88 वरून 75 च्या आसपास आले तर निदान दोन गोळ्या कमी होण्याची मला आशा वाटते. त्या कमी करताना आठवड्यातून दोन दिवस उपाशीपोटी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी साखर तपासून वहीत लिहावी आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. मनाने एकही गोळी सोडू नये.

आणि आता तुमच्याविषयी. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिले आहे, पण तुमचे 6.2 हे एचबीएवनसी मधुमेहपूर्व अवस्थेतले आहे आणि या टप्प्यावर केलेला प्रयत्न सर्वांत अधिक फळ देतो. अमेरिकेतील 2002 च्या एका मोठ्या अभ्यासात वजन सात टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या लोकांत मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. तुमच्या बाबतीत सात टक्के म्हणजे फक्त पाच किलो. एवढ्यासाठी तुम्हाला कीटो करण्याची गरज नाही. वरचे मधल्या वाटेचे जेवण, रात्रीचे जेवण आठच्या आत आणि रोज अर्धा तास चालणे पुरे आहे. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटीच घ्यावी आणि वजन पाच-सात किलोंनी उतरल्यावर टीएसएच पुन्हा तपासावा, कारण डोस बदलावा लागू शकतो. मीठ कमी करायचे की वाढवायचे यावरून तुमचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो : मधल्या वाटेने गेलात तर वेगळे मीठ घेण्याचे कारण नाही, ताक आणि पाणी पुरेसे प्यावे.

हे सारे ऐकूनही यजमानांना कीटोच करावेसे वाटले, तर मी आडकाठी करणार नाही. आधी तपासण्या, मग गोळ्यांत बदल, मग महिना-दीड महिना मधल्या वाटेचे जेवण आणि त्यानंतर डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली ठरावीक तीन महिने कीटो, या क्रमाने त्यांनी जावे.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे दांपत्य, वये 45 आणि 42. मला मधुमेह असून फक्त मेटफॉर्मिन चालू आहे. पाच महिन्यांपूर्वी दोघांनी कीटो सुरू केले. माझे वजन 9 किलोंनी व पत्नीचे 6 किलोंनी उतरले आणि माझे एचबीएवनसी 7.6 वरून 6.1 वर आले. पण माझे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 112 वरून 178 झाले आहे आणि पत्नीचे केस मूठमूठ गळत आहेत. सकाळी तूप घातलेली कॉफी, दोन्ही जेवणांत चीज आणि खोबरेल तेलातील भाज्या असा आमचा आहार आहे. हे सोडून द्यावे का?

उत्तर : तुमचे वजन आणि साखर ज्या मेहनतीने उतरली, ती वाया जाऊ देऊ नका, पण 178 हा आकडा ‘कीटोत असे होतेच’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तूप, चीज आणि खोबरेल तेल या तिन्हींत संपृक्त स्निग्धांशाचे प्रमाण मोठे आहे आणि काही जणांत त्याने एलडीएल बरेच वाढते. तुपाची कॉफी आजच बंद करा, भाज्यांना शेंगदाणा किंवा मोहरीचे तेल वापरा, चीजच्या जागी घरचे पनीर आणि टोफू आणा, तीळ, जवस, बदाम, अक्रोड घ्या. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा घ्या. मधुमेह असलेल्या चाळिशीपुढील माणसांना कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन देण्याची शिफारस एरवीही असते, तेव्हा त्याविषयी तुमच्या डॉक्टरांशी या महिन्यातच बोला आणि दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा.

वजन वेगाने उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळणे नेहमी दिसते आणि आहार स्थिरावल्यावर ते बहुधा थांबते. तरीही पत्नीचे हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावेत आणि त्यांच्या ताटात प्रथिने पुरेशी आहेत ना, हे मोजून पाहावे. कीटोतून बाहेर येताना एकदम पोळीभातावर येऊ नका. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक वाटी वरण किंवा मुगाची उसळ, दुसऱ्या आठवड्यात दुपारी एक छोटी पोळी किंवा नाचणीची भाकरी, असे 20 ग्रॅमच्या आसपास वाढवत जा आणि प्रत्येक नव्या पदार्थानंतर दोन तासांनी साखर तपासा. ज्या पायरीवर ती 160 च्या पुढे जाऊ लागेल, तिच्या अलीकडच्या पायरीवर थांबा आणि पुढचे तीन महिने तेच जेवण ठेवा.